कराडहून अरबी समुद्र: प्लवकांच्या मॉडेलच्या नोंदी

१६ जून २०२५

विषय पक्का झाला. तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनी, गणित विभागातला एक जुना संगणक आणि अरबी समुद्र. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती (वनस्पती प्लवक), त्यांच्यावर चरणारे सूक्ष्म प्राणी (प्राणी प्लवक) आणि या दोघांमधून फिरणारं नायट्रोजन, एवढंच समीकरणात बसवायचं. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून होणाऱ्या उत्पादनातला जवळपास निम्मा वाटा या समुद्री सूक्ष्म वनस्पतींचा आहे. आमच्या अभ्यासक्रमात मात्र 'भक्ष्य-भक्षक समीकरणं' म्हटलं की ससे आणि कोल्हेच येतात.

'कराडात बसून समुद्र कशाला?' असं स्टाफरूममध्ये विचारून झालं. उत्तर नद्यांच्या नकाशात आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र साठ-पासष्ट किलोमीटरवर. पण ती पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर पूर्वेला जाते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनाही महाबळेश्वरचीच, आणि इथे प्रीतिसंगमावर ती कृष्णेला समोरासमोर भेटते. मात्र धरणातलं बरंच पाणी संगमापर्यंत पोचतच नाही. बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीतून चिपळूण ओलांडून दाभोळच्या खाडीत जातं. सातारा जिल्ह्याचं पाणी असं दोन समुद्रांत वाटलं गेलंय, आणि प्लवकांच्या हिशेबात हे दोन समुद्र फार वेगळे आहेत.

१९ जून

वाचन. या प्रकारच्या मॉडेलची सुरुवात गॉर्डन रायली यांच्या १९४६ च्या कामापासून धरतात: अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळचा जॉर्जेस बँक हा उथळ पट्टा, आणि वर्षभरातली प्लवकांची चढउतार हाताने गणित करून काढलेली. संगणक नव्हता, तरी वाढ वजा श्वसन वजा चरणं ही मांडणी आजही तशीच आहे. पुढचा मोठा टप्पा १९९० चा, फॅशम, डकलो आणि मॅककेल्वी यांचा. त्यात सात डबे: वनस्पती प्लवक, प्राणी प्लवक, जीवाणू, नायट्रेट, अमोनियम, विरघळलेलं सेंद्रिय नायट्रोजन आणि मेलेला कचरा. सगळ्यांचं चलन एकच, नायट्रोजन.

आम्ही चार डब्यांपासून सुरुवात करणार: नायट्रेट, वनस्पती, चरणारे, कचरा. मुलींना सातच हवेत. आधी चारांत काय होतं ते कळू दे.

२३ जून

नायट्रोजनच का, फॉस्फरस का नाही? हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला, हे आवडलं. समुद्री प्लवकांच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं अणूंचं प्रमाण सरासरी १०६ : १६ : १ असतं. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये हे दाखवायला सुरुवात केली. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाजवळ या प्रमाणाच्या मानाने नायट्रेट आधी संपतं, फॉस्फेट थोडं उरतं. कारण खोल पाण्यात आहे, तिथे नंतर येऊ. जे आधी संपतं त्याचा हिशेब ठेवायचा.

याच प्रमाणातून एकक बदलायची किल्ली मिळते. मॉडेल बोलतं मिलिमोल (अणूंची संख्या मोजायचं एकक) नायट्रोजनमध्ये, उपग्रह बोलतो क्लोरोफिलमध्ये. १ मिलिमोल नायट्रोजन म्हणजे ६.६२५ मिलिमोल कार्बन, म्हणजे ७९.५ मिलिग्रॅम. कार्बन आणि क्लोरोफिल यांचं गुणोत्तर ५० धरलं तर १.५९ मिलिग्रॅम क्लोरोफिल. हे ५० काही दगडावरची रेघ नाही. अंधारात वाढलेल्या पेशी क्लोरोफिल जास्त ठेवतात, भर उन्हातल्या कमी. सध्या ५० वर थांबतो आणि भिंतीवर १.५९ लिहून ठेवतो.

२७ जून

प्रकाश. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात प्रकाश दर मीटरला ०.०४ या घातांकाने घटतो, असं फॅशमच्या मॉडेलमध्ये धरलंय. म्हणजे सुमारे ११५ मीटरवर एक टक्का उरतो. पाण्यात घनमीटरला एक मिलिमोल प्लवक आले की त्यांच्या स्वतःच्या सावलीमुळे घातांक ०.०७ होतो आणि तीच एक टक्क्याची रेषा ६६ मीटरवर येते. दाट पिकाने स्वतःवरच सावली धरावी, तसा हा वाढीवरचा आतून बसलेला लगाम. समीकरणात ही एक छोटी संज्ञा आहे. ती काढली की हिरवं बेसुमार वाढतं.

१ जुलै

ऑयलरच्या पद्धतीने (आत्ताच्या दरावरून पुढच्या पायरीचे आकडे काढत जायचं), एका दिवसाची पायरी घेऊन पहिला रन. नायट्रेट ऋण. वर्गात हे दाखवायला छान उदाहरण आहे, म्हणून आकडे इथे टिपून ठेवतो. नायट्रेट ०.१, प्लवक १, वाढीचा कमाल दर दिवसाला १.५, निम्म्या वेगाची पातळी (जिथे वाढ कमाल दराच्या निम्म्यावर असते तेवढं नायट्रेट) ०.५. एका दिवसाची उचल १.५ × ०.१ ÷ ०.६ = ०.२५. डब्यात ०.१ आहे आणि आपण ०.२५ काढतोय! समुद्रात असं होत नाही. नायट्रेट घटतं तशी उचलही क्षणोक्षणी मंदावते. पायरी एका तासाची केली की उचल ०.०१ च्या आसपास येते आणि सगळं सुरळीत चालतं. नंतर पायथनमधला तयार सोडवणारा वापरला, तो पायरी स्वतः लहानमोठी करतो. पण ही ठेच मुलींनी हातानेच अनुभवली हे बरं झालं.

४ जुलै

जागा निवडली: १५.५ अंश उत्तर, ६१.५ अंश पूर्व, अरबी समुद्राच्या मध्यावर. १९९४-९५ मध्ये तिथे वर्षभर उपकरणांचा बोया नांगरलेला होता, त्यामुळे वारा, तापमान, मिश्र थराची खोली यांचा चांगला लेखाजोखा आहे. मिश्र थर म्हणजे वाऱ्याने आणि थंडीने घुसळून एकजीव झालेलं वरचं पाणी. नायट्रेटचे मासिक आकडे 'वर्ल्ड ओशन ॲटलास'मधून घेतले, ते कोणालाही फुकट मिळतात.

या समुद्राची गंमत अशी की मिश्र थर वर्षात दोनदा खोल जातो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने. तो वारा सोमालियाच्या किनाऱ्यालगत जोरकस पट्ट्यात वाहतो आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचं थंड, नायट्रेटने भरलेलं पाणी वर खेचतो. आणि दुसऱ्यांदा डिसेंबर ते फेब्रुवारी, मुख्यतः उत्तरेकडे: कोरडा ईशान्य वारा बाष्पीभवन वाढवतो, वरचं पाणी थंड आणि खारट होऊन जड होतं आणि बुडतं. १९९६ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी थंडाव्याला प्लवक कसा प्रतिसाद देतात ते 'नेचर'मध्ये मांडलं. इकडे आपल्याला पाऊस म्हणजे हिरवळ आणि हिवाळा म्हणजे कोरडं रान. तिकडे हिवाळाही हिरवा.

बंगालच्या उपसागरात याच्या उलट. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी, कृष्णा यांचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. हलकं पाणी वर असलं की वाऱ्याला ते घुसळणं जड जातं, आणि खालचं नायट्रेट खालीच राहतं. नद्या खत आणतात म्हणून समुद्र हिरवा होईल, हा सरळ तर्क तिथे बराचसा आडवा पडतो.

८ जुलै

मिश्र थर खोल जाताना सगळंच पातळ होतं. पण थर उथळ होताना वनस्पती खाली सुटून जातात आणि चरणारे पोहून वर राहतात. म्हणजे त्याच आठवड्यात तोंडं दाटीने वाढतात. इव्हान्स आणि पार्स्लो यांनी १९८५ मध्ये हा फरक समीकरणात घातला. एका 'जर-तर'च्या ओळीचं काम, पण आलेख ओळखू येणार नाही इतका बदलला.

१५ जुलै

इथे जरा थांबायला हवं. संगणक बंद ठेवून फळ्यावर सोडवलं.

चरणाऱ्यांचा मृत्युदर स्थिर धरला, तर स्थिर स्थितीत वनस्पतींचं प्रमाण येतं: चरण्याच्या निम्म्या वेगाची पातळी गुणिले मृत्युदर, भागिले (पचनाची कार्यक्षमता गुणिले कमाल चरण वजा मृत्युदर). आमचे आकडे घालून: १ × ०.१ ÷ (०.७५ − ०.१) = ०.१५ मिलिमोल. क्लोरोफिलमध्ये ०.२४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. समुद्र सुस्त असतो त्या महिन्यांसाठी पटण्यासारखा आकडा.

आता सूत्रात नायट्रेट कुठे आहे ते शोधा. नाही! खालून दुप्पट नायट्रेट आलं तरी वनस्पती तेवढ्याच राहणार. वाढलेलं सगळं चरणाऱ्यांच्या अंगावर जाणार. उलट चरणाऱ्यांचा मृत्युदर ०.१ चा ०.२ केला की वनस्पती ०.१५ वरून ०.३६ वर. समुद्र किती हिरवा हे खत ठरवत नाही, तर चरणाऱ्यांना कोण खातं ते ठरवतं. आणि नेमका तोच भाग आपल्या मॉडेलमध्ये नाही. चार डब्यांच्या बाहेर, एका अक्षराच्या आड तो दडलाय.

एक मुलगी म्हणाली, "सर, मग आपण इतके दिवस नायट्रेटच्या मागे का लागलो होतो?" तिला म्हटलं, आता मृत्युदराला चरणाऱ्यांच्या संख्येने गुण, म्हणजे दाटी वाढली की शिकारीही वाढतील, आणि परत बघ.

१८ जुलै

तिने बघितलं. वर्गातला मृत्यू (म्हणजे चरणाऱ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा) घातला की नायट्रेट वाढवल्यावर वनस्पती आणि चरणारे दोघेही वाढतात. एका घातांकाने निष्कर्षच फिरला. शिवाय स्थिर दराच्या मॉडेलला नायट्रेट भरपूर दिलं की ते डुलायला लागतं: आधी वनस्पती, मग चरणारे, मग दोघांचा ऱ्हास, साधारण महिनाभराच्या फेऱ्यांत. समृद्धीने व्यवस्था अस्थिर होते हे रोझेनझ्वाइग यांनी १९७१ मध्ये दाखवलेलं कोडं. वर्गातल्या मृत्यूने हे डुलणं बऱ्याच अंशी शांत होतं. म्हणूनच अनेक मॉडेलकार तो निवडतात. समुद्रात तसं घडतं म्हणून की आलेख सुबक येतो म्हणून, हे दर वेळी विचारून घ्यावं असं मला वाटतं.

२० जुलै

बाजारात बांगडा बघायला गेलो. मासे विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सर, आत्ता कसला ताजा? एकतीस जुलैपतूर बंदी हाय की. ह्यो बर्फातला हाय." १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे अगदी प्लवक वाढीला लागण्याच्या काळात. बांगडा प्लवक गाळून खातो, तारली तर मुख्यतः वनस्पती प्लवकांवर जगते. आमचं मृत्युदराचं अक्षर मावशींच्या टोपलीत पडलेलं होतं. खरं तर त्याचा एक छोटा भाग. अरबी समुद्रात याहून मोठा वाटा कंदील माशांचा: दिवसा काळोख्या, प्राणवायू नसल्यासारख्या पाण्यात लपायचं, रात्री वर येऊन प्राणी प्लवक खायचे.

२९ जुलै

कचऱ्याचा डबा. मेलेल्या पेशी आणि विष्ठेचे कण खाली बुडतात, वाटेत जीवाणू त्यांना विरघळवतात. जॉन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ईशान्य प्रशांत महासागरातल्या मोजमापांतून घातांक दिला: १०० मीटरवरून निघालेल्या मालापैकी ५०० मीटरला २५ टक्के, १००० मीटरला जेमतेम १४ टक्के पोचतो. उरलेल्याचा वरच्या काही शे मीटरांतच निकाल.

हे विघटन प्राणवायू खातं. रेडफिल्डच्या हिशेबात १६ नायट्रोजनमागे १३८ रेणू प्राणवायू. अरबी समुद्रात वर उत्पादन भरपूर आणि खाली ताज्या पाण्याची ये-जा मंद, त्यामुळे साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास संपतो. मग जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. म्हणून इथे फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट कमी; २३ जूनला सोडून दिलेली गाठ इथे सुटली. आमच्या मॉडेलचा तळ मात्र ठरावीक नायट्रेट असलेल्या पाण्याचा आहे, हा तोटा त्यात आपोआप धरलेला. तसाच राहू देतो. हा पट्टा वेगळ्या प्रकल्पाचा विषय आहे.

७ ऑगस्ट

कोयनेचं गणित. यातल्या एकीच्या वडिलांचं मलकापूरला खताचं दुकान, त्यामुळे तिला हे आकडे पोत्यांत हवेत.

कृष्णा लवादाने कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली होती. म्हणजे १.९१ अब्ज घनमीटर. त्यात घनमीटरला २० मिलिमोल नायट्रोजन आहे असं धरू. हे आमचं गृहीतक, मोजमाप नव्हे. पाणलोट बराचसा जंगलाचा, तेव्हा खरा आकडा कमीही असेल. वर्षाला सुमारे ५३५ टन नायट्रोजन झालं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, पोतं ४५ किलोचं: साधारण २६ हजार पोती. ऐकून दोघींचे डोळे मोठे.

आता समुद्र. मिश्र थर ३० मीटरवरून ८० मीटरवर गेला आणि त्या ५० मीटरांत घनमीटरला सरासरी ५ मिलिमोल नायट्रेट होतं, तर दर चौरस मीटरला २५० मिलिमोल, म्हणजे साडेतीन ग्रॅम नायट्रोजन वर आलं. ५३५ टनांना भागा: सुमारे १५० चौरस किलोमीटर. कोयनेचा अख्खा वर्षाचा माल म्हणजे बारा किलोमीटर बाजूचा समुद्राचा एक चौकोन एकदा घुसळला जाणं. अरबी समुद्र लाखो चौरस किलोमीटरांचा. खाडीच्या तोंडाशी या पाण्याचा परिणाम वेगळा असेल, पण आमच्या ६१.५ अंशावरच्या ठिकाणी तो शून्य धरायला हरकत नाही.

खतवाल्याच्या लेकीला हे जरा लागलं.

१४ ऑगस्ट

उपग्रहाचे क्लोरोफिलचे नकाशे उतरवले. जुलै-ऑगस्टला बहुतेक पांढरं: ढग. समुद्राचा रंग बघणाऱ्या उपग्रहांना ढगांतून दिसत नाही. २००२ पासूनचा मोडिस, २००९ चा आपला ओशनसॅट-२, २०२२ चा ओशनसॅट-३, सगळ्यांची हीच अडचण. जे महिने सर्वांत महत्त्वाचे त्याच महिन्यांत डोळे झाकलेले. अनेक वर्षांची सरासरी काढून फटी बुजवतात, पण ती सरासरी म्हणजे ढग फाटले त्या दिवसांची. तुलना फेब्रुवारी आणि ऑक्टोबरवर जास्त भिस्त ठेवून करायची ठरवलं.

२ सप्टेंबर

गणपतीमुळे काम ढिलं. प्राणिशास्त्राच्या मॅडम आरतीला भेटल्या आणि नॉक्टिल्युकाबद्दल छान खोडा घालून गेल्या. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याअखेर पाणी हिरवंगार करणारा हा एकपेशीय जीव. स्वतः डायटम (वनस्पती प्लवकांचा एक प्रकार) खातो, आणि पोटात हिरवे सूक्ष्मजीव पाळून प्रकाशसंश्लेषणही करून घेतो. "याला कुठल्या डब्यात टाकणार, सर?" कुठल्याच नाही. जेली आणि साल्प या लिबलिबीत तरंगत्या प्राण्यांखेरीज त्याला आवडीने खाणारेही फार नाहीत. इथे पुन्हा तेच: पुढे कोण खातं?

११ सप्टेंबर

सगळ्या नोंदी ज्याकडे येत होत्या ते आज वाचनात सापडलं. याला 'अरबी समुद्राचं कोडं' म्हणतात. वनस्पतींचं उत्पादन ऋतूंप्रमाणे खूप वरखाली होतं, पण मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी जाळ्यांनी पकडलेले मोठे प्राणी प्लवक मोजले, तर मिश्र थरातलं त्यांचं वजन वर्षभर फारसं बदलत नाही.

आमच्या १५ जुलैच्या सूत्राचं भाकीत याच्या बरोबर उलट: वनस्पती स्थिर, चरणारे वरखाली. म्हणजे स्थिर मृत्युदराचं रूप या समुद्रासाठी बाद. वर्गाचं रूप दिशेने बरोबर जातं, पण चरणाऱ्यांची चढउतार तरीही जाळ्यांपेक्षा जास्त देतं.

कोड्याचं एक उत्तर सूक्ष्म वाटेचं आहे. लहान पेशी, जीवाणू, आणि त्यांना खाणारे एकपेशीय प्राणी जाळीच्या भोकांतून निसटतात. वनस्पती कमी असण्याच्या महिन्यांत मोठे प्राणी या आडवाटेने पोट भरतात. म्हणजे आमच्या चरणाऱ्यांच्या एका डब्यात दोन जमाती कोंबलेल्या होत्या.

२५ सप्टेंबर

डबे वाढवले: अमोनियम वेगळं, चरणारे लहान आणि मोठे. मुलींनी जूनमध्येच सात मागितले होते, त्यामुळे चेहऱ्यावर विजय आहे. लहान चरणाऱ्यांच्या वाढीचा वेग वनस्पतींच्या तोडीचा ठेवला. ते लगेच मागे लागतात, वनस्पतींना डोकं वर काढू देत नाहीत, आणि त्यांचं अमोनियम वरच फिरत राहतं. खालून आलेल्या नायट्रेटवरचं 'नवं' उत्पादन आणि वरच फिरणाऱ्या अमोनियमवरचं 'पुनर्वापराचं' उत्पादन, ही विभागणी डग्डेल आणि गोअरिंग यांची, १९६७ ची. आमच्या रनमध्ये शांत महिन्यांत पुनर्वापराचा वाटा मोठा होतो आणि खाली बुडणारा माल घटतो. मोठ्या चरणाऱ्यांचा आलेख आता बराच सपाट.

६ ऑक्टोबर

अहवालात एकच सुंदर आलेख द्यायचा आग्रह वरून आहे. तीन देणार: स्थिर मृत्यू, वर्गातला मृत्यू, आणि दोन जमाती. तिन्हींना नायट्रेट तेच, वारा तोच, प्रकाश तोच. फरक फक्त चरणाऱ्यांच्या शेवटाचा. शेजारी जाळ्यांची मोजमापं ठेवू, मग परीक्षकांना जे विचारायचं ते विचारू दे.

पुढच्या सत्रात हीच समीकरणं बंगालच्या उपसागरावर: मिश्र थर उथळ, नायट्रेटची पातळी खोल. मलकापूरच्या मुलीने कृष्णेच्या पाण्याचा पोत्यांतला हिशेब आधीच सुरू केलाय. तिला आधी गोड्या पाण्याच्या झाकणाचं समीकरण लिहायला सांगितलंय.